हवेचा हातोडा

वारा हा मनुष्याचा फार जुना सेवक आहे. शिडांत भरून त्याने गलबते दूरदेशी नेली आणि लोहाराच्या भात्यातून त्याने विस्तव फुलविला. परंतु हवेला दाबून कोंडावे आणि तिच्याकडून घणाचे घाव घालून घ्यावेत, ही विद्या एकोणिसाव्या शतकात खऱ्या अर्थाने हाती आली. या विद्येने प्रथम डोंगर फोडले. पुढे तीच सुताराच्या मुठीत आली; तिने त्याचे श्रम वाचविले आणि त्याच्या बोटांना धोकाही निर्माण केला.

आज फ्रान्स व इटली यांच्या सीमेवर असलेल्या आल्प्स पर्वतात फ्रेजुसचा रेल्वे बोगदा खणण्यास १८५७ साली आरंभ झाला. लांबी सुमारे १२ किलोमीटर. माथ्यावर पर्वत इतका उंच की, मध्येच विहिरी पाडून काम वाटून घेणे अशक्य. वाफेचे यंत्र आत न्यावे तर धुराने माणसे गुदमरणार. या पेचातून जेर्मां सोमेये या अभियंत्याने मार्ग काढला. डोंगरातील पाण्याच्या जोरावर त्याने बाहेर हवा दाबली, ती नळांतून आत नेली आणि १८६१ पासून तिच्यावर खडकाला छिद्रे पाडणारी यंत्रे चालविली. यंत्रातून सुटलेली हवा मजुरांना श्वासाला उपयोगी पडली, हा आणखी एक लाभ. डिसेंबर १८७० मध्ये दोन्ही टोकांकडील मजूर पर्वताच्या पोटात एकमेकांना भेटले. सप्टेंबर १८७१ मध्ये बोगद्याचे उद्घाटन झाले. पण सोमेये तो सोहळा पाहू शकला नाही, दोनच महिन्यांपूर्वी त्याचे निधन झाले होते. याच काळात, १८५६ ते १८६३ या वर्षांत, आपल्या भोर घाटातील २५ बोगदे मात्र मजुरांनी हाताने छिद्रे पाडून आणि सुरुंगाची दारू ठासून खोदले.

सुताराच्या हातोडीची जागा हवेने घ्यावयास आणखी पाऊण शतक लागले. अमेरिकेत हॉवर्ड ह्यूजेस याचे ‘हर्क्युलिस’ हे प्रचंड लाकडी विमान बांधले जात होते. २ नोव्हेंबर १९४७ रोजी ते पाण्यावरून एकदाच अल्पकाळ उडाले. त्याची फळकुटे सरसाने जोडताना ती घट्ट धरून ठेवण्यासाठी असंख्य खिळे ठोकावे लागत. हवेवर चालणाऱ्या खिळेबंदुकीच्या शोधाचे श्रेय या कामावरील मॉरिस पायनूस या स्थापत्य अभियंत्यास दिले जाते. १९५० च्या सुमारास अशी यंत्रे बाजारात आली. घरांच्या जमिनीवर फळ्या ठोकताना उभ्या उभ्या मिनिटाला ४० ते ६० खिळे बसू लागले.

यंत्राची रचना साधी आहे. चाप ओढला की झडप उघडते, कोंडलेली हवा दट्ट्यावर आदळते आणि दट्ट्याला जोडलेली पट्टी एका घावात खिळा लाकडात घालते. खिळा भलतीकडे सुटू नये म्हणून यंत्राचे टोक लाकडावर दाबल्याखेरीज ते चालत नाही. खरा प्रश्न चापाच्या पद्धतीचा आहे. एका पद्धतीत प्रत्येक खिळ्यासाठी आधी टोक टेकवावे लागते, मग चाप ओढावा लागतो. पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा आरंभ. दुसऱ्या पद्धतीत चाप दाबून धरला की टोक जेथे टेकेल तेथे खिळा सुटतो. मग ते लाकूड असो वा सोबत्याचा गुडघा. खिळा सुटताच यंत्र हिसका देऊन मागे उसळते आणि पुन्हा टेकले तर नकळत दुसरा खिळा बाहेर पडतो.

या घाईची किंमत पुढे आकड्यांत दिसली. २००१ ते २००५ या काळात अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत अशा जखमांचे दरवर्षी सरासरी सुमारे ३७,००० रुग्ण आले, असा तेथील शासकीय अंदाज आहे. सर्वाधिक इजा हाताला व बोटांना होते. शिकाऊ सुतारांच्या पाहणीत, चाप दाबून धरण्याच्या पद्धतीत धोका सुमारे दुप्पट आढळला. आणि एवढे करून वेळ तरी किती वाचतो? दहा अनुभवी सुतारांकडून दोन सारखी लहान घरे दोन्ही पद्धतींनी बांधवून घेण्यात आली. खिळे मारण्याचा वेळ दहा टक्क्यांनी वाचला खरा, परंतु एकूण बांधकामाच्या वेळेत ही बचत एक टक्काही भरली नाही. कामाचा वेग चापापेक्षा कारागिरावर अधिक अवलंबून होता. २०११ साली अमेरिकन शासनाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत म्हणूनच पहिल्या पद्धतीच्या चापाची शिफारस आहे.

यंत्राची निगा हाही याच सावधगिरीचा भाग होय. अडकलेला खिळा काढण्यापूर्वी हवेची नळी सोडावी. टोकावरील सुरक्षा-कडी तार बांधून निकामी करू नये. तिची स्प्रिंग मोकळी चालते की नाही, हे रोज पाहावे. ठरविलेल्यापेक्षा अधिक दाब देऊ नये आणि हवेऐवजी प्राणवायूची नळकांडी तर कदापि जोडू नये, कारण त्याने यंत्राचा स्फोट होतो. हवेच्या टाकीत साठलेले पाणी दिवसाअखेर काढून टाकावे. कोकण-गोव्याच्या दमट हवेत ते लवकर साठते आणि गंज चढवते. ज्या यंत्रास वंगण लागते, त्यात रोज तेलाचे काही थेंब सोडावेत. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि लाकूड धरणारा हात खिळ्याच्या जागेपासून निदान १२ इंच दूर असावा.

हातोडी उगारताना सुताराला प्रत्येक घावापूर्वी क्षणभर थांबून नेम धरावा लागे. दाबलेल्या हवेने घाव घालण्याचे कष्ट स्वतःकडे घेतले. नेम धरण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले. पहिल्या पद्धतीचा चाप तोच क्षण सुताराला परत देतो. एक टक्का वेळेच्या मोबदल्यात तो क्षण गमावणे कोणत्याही कारागिराला परवडणारे नाही.