मधू सप्रेचं ते स्टेडियमवालं उत्तर

आजच्या भागात मॉडेलिंगचा इतिहास, आणि तोही आपल्या नागपूरच्या मुलीचा.

मे १९९२, बँकॉक. मिस युनिव्हर्सची फायनल. मधू सप्रे शेवटच्या तिघींत पोचलीय. तिला विचारतात, देशाची सूत्रं हातात आली तर आधी काय कराल? ती म्हणते, मोठं क्रीडासंकुल बांधेन.

मुकुट गेला नामिबियाच्या मिशेल मॅक्लीनकडे, मधू तिसरी आली. मग सुरू झालं: गरीब देशातली मुलगी, गरिबीबद्दल बोलायचं सोडून स्टेडियम काय मागते! पण मधू मुळात ॲथलीट होती. मैदानावर वाढलेली मुलगी मैदानच मागणार ना? मला तरी ते त्या संध्याकाळचं सगळ्यात खरं उत्तर वाटतं.

पुढे १९९५. टफ शूजची जाहिरात. सोबत मिलिंद सोमण, तोही खेळाडूच, पोहण्यातला राष्ट्रीय विजेता. दोघांच्या अंगावर फक्त बूट आणि एक अजगर. अश्लीलतेची केस झाली. निर्दोष सुटायला २००९ उजाडलं. चौदा वर्षं! कित्येक मॉडेल्सचं अख्खं करिअर एवढं टिकत नाही.

म्हणजे बघा, खेळाने कमावलेलं शरीर जाहिरातीला हवं होतं. त्याच मुलीने खेळासाठी जागा मागितली, तर ते मात्र हास्यास्पद ठरलं.

तेव्हा तिच्यावर हसणं सोपं होतं. आता मला सांगा, तुमच्या तालुक्यात पळायला एक धड ट्रॅक आहे का?