छप्पर एकाचे, ऊन दुसऱ्याचे

गेल्या एप्रिलात आमचे घरमालक काका सौर योजनेचा अर्ज घेऊन माझ्या खोलीवर आले. वर्ध्यात मी बरीच वर्षे भाड्याने राहतो. वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. उन्हाळ्यात दुपारी पारा पंचेचाळिशीकडे सरकतो आणि मध्यरात्र उलटली तरी स्लॅब दिवसाचे ऊन खोलीत सोडत राहते. कूलर माझा, विजेचे मीटर माझे, स्लॅब काकांची. अर्ज वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "भाऊ, पॅनेलले पैसे भेटते. मंग ह्या स्लॅबवर काही थंड थर टाकाले भेटते का?"

या योजनेत भेटत नाही, असे मला सांगावे लागले. का भेटत नाही, हे शोधताना मात्र मी वर्ध्याच्याच इतिहासात शिरलो.

ऊर्जेची बचत हा विषय या गावाला नवा नाही. डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ येथे स्थापन झाला. त्यासाठी जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि घर दिले, तीच मगनवाडी. जे. सी. कुमारप्पा यांच्या काळात तेथे घाणी आणि हातकागद यांच्या जोडीला रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप घडला. पुढे धूर बाहेर नेणारी मगनचूल आली. या दोन वस्तूंत एक फरक आहे. दिवा उचलून दुसऱ्या घरी नेता येतो. धुराड्याची चूल नेता येत नाही; तिच्यासाठी भिंतीला किंवा छपराला भोक पाडावे लागते. ज्याचे छप्पर त्याला ते सोपे. भाडेकरूला आधी मालकाला विचारावे लागते, आणि घर सोडताना चूल मागे ठेवून जावे लागते.

शहरातल्या भाडेकरूसाठी कायदा होता, पण तो वेगळ्या भीतीतून जन्मला होता. वर्धा तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात. १९४९च्या 'सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर'प्रमाणे घर सोडण्याची नोटीस देण्याआधी मालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. घरटंचाईच्या त्या दिवसांत हे संरक्षण मोलाचे होते. पण भाडे बांधले गेले की घरावर खर्च करण्याचा मालकाचा उत्साहही आटतो.

३१ मार्च २०००पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि जुना आदेश रद्द झाला. नव्या कायद्यात वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा आहे. सुधारणेपोटी त्याहून वाढ हवी असेल तर किमान ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते. कलम १४ घर राहण्याजोगे राखण्याची जबाबदारी मालकावर टाकते. 'राहण्याजोगे' म्हणजे न गळणारे, न पडणारे, हे आपण समजतो. मे महिन्यात झोप लागेल असे, हा अर्थ मात्र आपल्या मनात अजून रुजलेला नाही.

फेब्रुवारी २०२४मध्ये 'पीएम सूर्य घर : मोफत वीज योजना' आली. १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. योजना चांगलीच आहे. पण तिचा हिशेब छपराच्या मालकाशी आणि त्याच्या मीटरशी. पॅनेलची वीज काकांच्या मीटरला जोडली जाते, बिल त्यांचे उतरते. माझे वेगळे मीटर पूर्वीसारखेच फिरते. शिवाय पैसा आहे तो वीज निर्माण करण्यासाठी. विजेची गरजच कमी करणाऱ्या छपरासाठी नाही. २०१८ची इको-निवास संहिता भिंती-छपरांतून येणाऱ्या उष्णतेचा विचार करते, पण नव्या इमारतींपुरता.

हा पेच फक्त आपला नाही. ब्रिटनने तो थंडीच्या बाजूने पाहिला. खर्च मालकाचा आणि ऊब भाडेकरूची, म्हणून मालक हात आखडता घेतो, हे ओळखून तेथे २००४मध्ये घरमालकांसाठी खास कर-सवलत आली. पोटमाळा, भिंती यांत उष्णतारोधक थर भरण्याच्या खर्चापैकी घरामागे १,५०० पौंडांपर्यंतची रक्कम उत्पन्नातून वजा करता येई. २०१५मध्ये ती संपली. मग २०१८पासून इंग्लंड-वेल्समध्ये ऊर्जा-प्रमाणपत्रात किमान 'ई' श्रेणी नसलेले घर, काही अपवाद वगळता, नव्याने भाड्याने देण्यास बंदी आली. आधी मदत, नंतर सक्ती. या क्रमात आपल्याला शिकण्यासारखे आहे. मदतीशिवाय सक्ती केली तर लहान मालक खोली बंद ठेवील किंवा भाडे चढवील. मदत देताना भाडे काही वर्षे स्थिर ठेवण्याची अट नसेल, तर थंडावा भाडेकरूलाच विकत घ्यावा लागेल.

वर्ध्यात हा प्रश्न लहान नाही. सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालये, १९९७मध्ये स्थापन झालेले हिंदी विश्वविद्यालय, यांच्यामुळे कितीतरी मुले-मुली खोल्या करून राहतात. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा विद्यार्थी दुसऱ्याच्या स्लॅबवर खर्च का करील? आणि बिल आपल्याला येत नसताना मालक तरी का करील?

काका आणि मी आमच्यापुरता तोडगा काढला. पॅनेल त्यांनी बसवले. उरलेल्या स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले. चुना माझा, मजुरी त्यांची. पॅनेलच्या सावलीचा आणि त्या चुन्याचा फरक रात्री जाणवला. कूलर बंद झाला नाही, पण पहाटे तरी विसावू लागला. नव्या करारात काकांनी स्वतःहून एक ओळ घालायला सांगितली : या कामापोटी दोन वर्षे भाडे वाढणार नाही.

ही ओळ दोन माणसांच्या भल्या संबंधांवर उभी आहे. शेजारच्या गल्लीतल्या मुलाला ती मिळेल याची खात्री नाही. ती खात्री देणे हे कायद्याचे आणि अनुदानाचे काम आहे. १९४९च्या कायद्याने भाडेकरूच्या डोक्यावरचे छप्पर राखले. आता त्या छपराखाली झोप लागेल एवढे पाहणे उरले आहे.