आधी ध्रुपद, मग कीर्तन

आपण कसे घडलो हे तुकाराम महाराजांनी एका अभंगात स्वतःच सांगून ठेवले आहे. तो वाचताना आधी नजरेत भरतो त्यातला क्रम. व्यापार बुडाला, दुष्काळात बायको अन्नावाचून गेली, चारचौघांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. या माणसाने मग काय केले? पडझड झालेले देऊळ दुरुस्त केले. एकादशीला कीर्तन धरले, तेही मनाला अभ्यासाची सवय नसताना. संतांची काही वचने आदराने पाठ केली. जे पुढे उभे राहून गात, त्यांच्यामागे ध्रुपद, म्हणजे अभंगाचे पालुपद, धरले. कवित्वाची स्फूर्ती या सगळ्यानंतर आली.

स्वतःला घडवण्याची ही रीत पुढे इंद्रायणीकाठी सुमारे चार शतके चालत राहिली. आजच्या औद्योगिक पट्ट्याच्या ऐन मध्यावर तिच्या खुणा आहेत. ज्या भामचंद्र डोंगरावर तुकोबा एकांतात बसत, तो चाकणच्या कारखान्यांपासून जवळच आहे. चाकणचेच संताजी जगनाडे हे तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक. जातीने आणि धंद्याने तेली. घाण्याचे काम सांभाळून त्यांनी तुकोबांचे अभंग उतरवून घेतले. त्यांच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाथेची आवृत्ती छापली. गाथा इंद्रायणीत बुडवली गेली तेव्हा लोकांनी तोंडपाठ अभंग पुन्हा लिहून काढले, असेही परंपरा सांगते. ही कथा ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. पण एका कष्टकरी समाजाला आपल्या पाठांतराचा केवढा भरवसा होता, ते तिच्यातून कळते.

हे शिक्षण मिळायचे कुठे? बहुतेक फडांवर. एखाद्या महाराजांच्या फडाबरोबर वारीला चालायचे, मागे टाळ धरून उभे राहायचे, ऐकून ऐकून चाली आणि अभंग मुखोद्गत करायचे. ज्याला असा सहवास मिळाला तो शिकला. ज्याला मिळाला नाही तो राहिला.

ही उणीव भरून काढली विष्णुबुवा जोग यांनी. त्यांचा जन्म 1867 साली पुण्यात झाला. तरुणपणी कुस्तीची आवड, पुढे आजन्म ब्रह्मचर्य आणि आळंदीची ओढ. रोज जोर-बैठका मारल्याशिवाय अंग तयार होत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याने मनासाठीही तसाच रोजचा रियाज मागावा, यात नवल नाही. 1917 साली त्यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. शिक्षणक्रम चार वर्षांचा, फी नाही. मुलांनी गावात माधुकरी मागून जेवायचे, धर्मशाळेत किंवा मठात राहायचे आणि शिकायचे.

त्या मुलांचा दिवस पाहिला की या शाळेचे मर्म लक्षात येते. पहाटे काकडा, दिवसा पाठ, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांच्या आसपास ओव्या आणि गाथेतले साडेचार हजारांहून अधिक अभंग एवढा मोठा साठा समोर असतो. पाठांतर आधी होते, अर्थ हळूहळू उलगडत जातो. जोडीला गायन आणि पखवाज. वारकरी कीर्तनाला उभा राहणारा एक अभंग निरूपणाला घेतो आणि आपल्या प्रत्येक विधानाला दुसऱ्या संतांचे प्रमाण देतो. हातात कागद नसतो. एखादे चरण अडले तर मागचे टाळकरी ते उचलतात आणि कीर्तन पुढे जाते. चुकणाऱ्याला सांभाळून घेणारी माणसे पाठीशीच उभी असतात. आणि आज मागे उभा असलेला मुलगा उद्या पुढे येणार, हे सगळ्यांनाच माहीत असते. एकट्याने निर्धार करून तो आठवड्यात मोडणाऱ्या कुणालाही या व्यवस्थेतला शहाणपणा जाणवेल.

माधुकरीचेही तसेच. रोज परक्याच्या दारात झोळी घेऊन उभे राहिले की ‘मी’ आपोआप लहान होतो. अहंकार घालवण्यावर व्याख्यान देण्यापेक्षा हा उपाय कितीतरी प्रभावी.

संस्था सुरू झाल्यावर जोग महाराजांना अवघी तीन वर्षे मिळाली. 1920 साली ते गेले. पण त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर यांनी संस्था सांभाळली. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि तरीही नेमाचे वारकरी. 1968 साली त्यांचे निधन झाले. महाविद्यालयात प्लेटो आणि आळंदीत ज्ञानेश्वरी ही दोन्ही कामे एकाच माणसाने आयुष्यभर निष्ठेने केली. असे उदाहरण आपल्याकडे विरळाच.

एक उणीव मात्र स्पष्ट बोलायला हवी. ही चार वर्षांची शाळा मुलांचीच राहिली. ज्या परंपरेत मुक्ताबाई, जनाबाई आणि तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाई झाल्या, तिथे मुलींना हे दार तेव्हाच उघडायला हवे होते.

मागे उभे राहून शिकण्याची ही रीत आता आळंदीबाहेरही दिसते. माण आणि हिंजवडीच्या शेतजमिनींवर राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहिला, त्याला आता दोन दशकांहून अधिक काळ झाला. आळंदी तिथून फार लांब नाही. आयटीत काम करणाऱ्या काही मंडळींनी 2006 साली ‘आयटी दिंडी’ सुरू केली. महिनाभर रजा मिळणे कठीण, म्हणून त्यांनी आळंदी ते पुणे हा पालखीचा एका दिवसाचा टप्पा निवडला. पुढे तिच्यात हजारो लोक सामील होऊ लागले. हैबतबाबांनी 1832 साली घालून दिलेल्या पालखी सोहळ्याच्या शिस्तीत दिंडीला आपला क्रम असतो आणि चालताना अभंगही ठरलेले असतात. नवख्याला ते पाठ नसतात. तो शेजारच्याचे ऐकत, टाळाच्या ठेक्यावर पाय टाकत ध्रुपद धरतो.