नकाशाकडून प्रतिमानाकडे : विद्यापीठीय वास्तूंच्या देखभालीचा दुर्लक्षित इतिहास

विद्यापीठाची इमारत काही वर्षांत उभी राहते. तिची देखभाल मात्र पुढे अनेक दशके करावी लागते. असे असूनही वास्तूचे नकाशे प्रामुख्याने बांधणाऱ्याच्या गरजेतून घडले. भिंतीआड गेलेली जलवाहिनी फुटली की ती नेमकी कोठून जाते, याचे उत्तर पुष्कळदा कपाटातील नकाशापेक्षा जुन्या कर्मचाऱ्याच्या स्मरणातच सापडते. 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' अर्थात 'बिम' या तंत्राचा इतिहास या अंगाने क्वचितच पाहिला जातो.

या तंत्राची एक महत्त्वाची पूर्वपीठिका विद्यापीठातच आढळते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील चार्ल्स ईस्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये संगणकाधारित वास्तुवर्णन प्रणालीची रूपरेषा मांडली. त्रिमितीय वास्तू कागदावर दाखविण्यासाठी एकाहून अधिक रेखाटने लागतात. परिणामी एकच माप अनेक ठिकाणी नोंदले जाते आणि एक बदल सर्वत्र करावा लागतो. त्याऐवजी माहितीचा साठा एकच असावा व रेखाटने त्यातूनच निघावीत, अशी ही कल्पना होती. विशेष म्हणजे, नकाशांवरील अवलंबनामुळे वाढणाऱ्या खर्चात त्यांनी वास्तूच्या वापरकाळातील खर्चही धरला होता. देखभाल हा विषय नंतर जोडलेला नव्हे; तो आरंभीच होता.

पुढे मात्र तो मागे पडला. १९८० च्या दशकात बुडापेस्टमध्ये विकसित झालेले 'आर्किकॅड' काय किंवा २००० साली आलेले 'रेव्हिट' काय, ही मुख्यतः अभिकल्पकाची साधने होती. या उपेक्षेची किंमत अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००४ मध्ये आकड्यांत मांडली. निरनिराळ्या संगणक प्रणालींमध्ये माहितीची सुरळीत देवाणघेवाण होत नसल्यामुळे तेथील बांधकाम क्षेत्राला २००२ मध्ये सुमारे १५.८ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडला आणि त्यातील सुमारे दोन-तृतीयांश भार मालक व वापर-व्यवस्थापकांवर आला.

२००७ मध्ये खोल्या, उपकरणे, हमीपत्रे व सुटे भाग यांची माहिती हस्तांतरित करण्यासाठी 'कोबी' हा ठरावीक नमुना पुढे आला. ऑक्टोबर २००९ पासून इंडियाना विद्यापीठाने ५० लाख डॉलर वा अधिक खर्चाच्या प्रकल्पांना 'बिम' अनिवार्य केले. येथे मागणी करणारा बदलला, हे महत्त्वाचे. कोणती माहिती हवी, हे आता वास्तूचा मालक सांगू लागला.

तथापि, हस्तांतरित झालेले प्रतिमान आपोआप अद्ययावत राहत नाही. प्रयोगशाळेची दोन वर्गखोल्यांत विभागणी झाली आणि नोंद झाली नाही, तर महागडे प्रतिमानही जुन्या नकाशाइतकेच निरुपयोगी ठरते. ती नोंद कोणी करावी, हा प्रश्न संगणकाचा नसून कार्यालयीन जबाबदारीचा आहे. अंदाजपत्रकात मात्र संगणकप्रणालीची तरतूद आधी होते, नोंद ठेवणाऱ्याची नंतर. बांधकामविषयक माहिती-व्यवस्थापनाच्या 'आयएसओ १९६५०' या आंतरराष्ट्रीय मानकाचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वास्तूच्या वापरकाळाला वाहिलेला तिसरा भाग २०२० मध्ये, म्हणजे ईस्टमन यांच्या मांडणीनंतर ४६ वर्षांनी आला.