वारसाहक्काने मिळालेल्या रिमफायर रायफलवर दुर्बीण बसवणे

ज्या काडतुसाच्या बुडाच्या कडेत पेट घेणारे मिश्रण भरलेले असते आणि चाप ओढल्यावर त्या कडेवर आघात होऊन बार उडतो, त्यास रिमफायर काडतूस म्हणतात. १८८७ साली आलेले .२२ लाँग रायफल हे त्यांपैकी सर्वाधिक प्रचलित काडतूस होय. अशा काडतुसाच्या जुन्या रायफली अनेक कुटुंबांत वारशाने चालत आल्या आहेत. त्यांवर लक्ष्यदर्शक दुर्बीण बसवताना परवाना, मूळ शस्त्राचे जतन आणि अचूक जुळणी या तीन बाबींचा विचार करावा लागतो.

परवाना

भारतात अशी रायफल शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येते. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसास ती विनापरवाना जवळ बाळगता येत नाही. स्वतःच्या नावे परवाना मिळेपर्यंत ती पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावी लागते. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसास परवाना देण्याची तरतूद आहे. नाशिक शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे, तर ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच शस्त्रे बाळगता येतात व वारशाचे शस्त्रही त्यांतच मोजले जाते. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यांना लक्ष्यसरावाच्या .२२ रायफलीपुरती यातून सूट आहे. शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायासही परवाना लागत असल्याने फेरफाराचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे लागते.

जोडणी

अनेक .२२ रायफलींच्या माथ्यावर सुमारे ११ मिलिमीटर रुंदीच्या समांतर खाचा असतात. त्यांत दुर्बिणीची कडी घट्ट बसतात आणि पुढे काढूनही घेता येतात. समोरची माशी व मागची खाच यांवर नेम धरण्यासाठी घडवलेल्या जुन्या रायफलींना मात्र बहुधा अशी सोय नसते. तेथे पोलादात भोके पाडून आटे कापावे लागतात. हा बदल कायमचा असतो. त्यामुळे शस्त्राचे मूळ रूप आणि संग्राहकांच्या दृष्टीने असलेले मोल दोन्ही घटतात. म्हणून भोके पाडण्यापूर्वी मूळ दर्शकांच्या जागी बसणारी जोडपट्टी मिळते का, हे पाहणे श्रेयस्कर ठरते.

जुन्या रायफलीत आणखी दोन अडचणी संभवतात. बोल्टची मूठ वर उचलताना दुर्बिणीवर आदळू शकते. तसेच दस्ता खालच्या दर्शकांच्या मापाने घडवलेला असल्याने दुर्बिणीतून पाहताना गालास आधार उरत नाही. त्यासाठी सुटी गालगादी बांधतात. डोळा किंचित हलताच दुर्बिणीतील फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते, या दोषास पराशय म्हणतात. तो सुमारे ५० मीटरवर दूर होईल अशी रिमफायरसाठीची दुर्बीण निवडणे योग्य असते, कारण मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी अधिक अंतरासाठी जुळवलेल्या असतात.

लक्ष्यजुळणी

बार जेथे लागतो तेथे फुली आणणे म्हणजे लक्ष्यजुळणी. हे काम अधिकृत नेमबाजी केंद्रावरच करावे लागते. आधी जवळून, मग ५० मीटरवरून तीन ते पाच बारांचा गट घेऊन त्याचा मध्य पाहतात. बहुतेक दुर्बिणींत चक्रीची एक टिकटिक पाव कलेइतकी असते, म्हणजे ५० मीटरवर सुमारे ३.६ मिलिमीटर. गट ३.६ सेंटीमीटर खाली पडत असल्यास चक्री दहा टिकटिक वरच्या दिशेस फिरवावी लागते. रिकाम्या चेंबरवर चाप वारंवार ओढल्यास आघातकाडी चेंबरच्या कडेवर आपटून ती कड दबण्याचा धोका असतो.

नाशिक व नेमबाजी

नाशिकमध्ये नेमबाजी रुजवण्यात निवृत्त पोलीस अधिकारी व क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम (निधन २०१७) यांचा मोठा वाटा होता. पॅरिस ऑलिंपिक २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनीही नाशिकमध्ये प्रशिक्षण घेतले होते. या प्रकारात .२२ लाँग रायफल काडतूसच वापरले जाते. परंतु आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रायफलवर दुर्बीण लावण्यास परवानगी नाही. त्यामुळे स्पर्धेचा मानस असलेल्या नेमबाजास वारशाच्या रायफलीवरील मूळ दर्शक जपून ठेवणे उपयुक्त ठरते.