गोड्या पाण्याच्या मत्स्यालयातील सामूचे नियंत्रण

गोड्या पाण्याच्या मत्स्यालयातील सामूचे (पीएच) नियंत्रण म्हणजे टाकीतील पाण्याची आम्लधर्मिता वा आम्लारिधर्मिता माशांना सोसेल अशा मर्यादेत स्थिर ठेवणे होय. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ एस. पी. एल. सोरेनसन यांनी १९०९ मध्ये सामूची संकल्पना मांडली. सामान्यतः ० ते १४ अशा या मापनश्रेणीत ७ हा उदासीन बिंदू आहे. श्रेणी लॉगरिदमिक असल्याने एका एककाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापट फरक असतो.

माशांच्या गरजा

बहुतेक शोभिवंत मासे ६.५ ते ७.८ या सामूत राहू शकतात. ॲमेझॉन खोऱ्यातील निऑन टेट्रा व डिस्कस यांना किंचित आम्लधर्मी, तर आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या सिक्लिडांना आम्लारिधर्मी पाणी मानवते. तथापि बहुसंख्य माशांना नेमक्या आकड्यापेक्षा सामूतील आकस्मिक बदल अधिक घातक ठरतो.

अमोनियाशी संबंध

माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. पाण्यात तो तुलनेने निरुपद्रवी अमोनियम आणि विषारी मुक्त अमोनिया अशा दोन रूपांत असतो. २५° सेल्सियसला एकूण अमोनियापैकी मुक्त अमोनियाचा वाटा सामू ७ असताना सुमारे ०.६ टक्के, ८ असताना सुमारे ५ टक्के आणि ९ असताना सुमारे ३६ टक्के असतो. त्यामुळे अमोनियम साचलेल्या टाकीचा सामू एकाएकी वाढविल्यास मासे दगावू शकतात.

सामू घसरण्याची कारणे

नायट्रीकरण करणारे जीवाणू अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करताना आम्ल निर्माण करतात. पाण्यातील बायकार्बोनेट हे आम्ल शोषून घेतात. या क्षमतेचे मोजमाप कार्बोनेट जडपणा (दुष्फेनता) म्हणून केले जाते. बायकार्बोनेट संपले की सामू वेगाने घसरतो. तो ६ च्या खाली गेल्यास नायट्रीकरण मंदावते व अमोनियम साचू लागते.

नाशिक परिसरातील पाणी

नाशिक शहराला मुख्यतः गोदावरीवरील गंगापूर धरणातून पाणीपुरवठा होतो. अंबडसारख्या उपनगरात टाकी भरण्यासाठी नळाचे, कूपनलिकेचे किंवा घरगुती आरओ यंत्राचे पाणी उपलब्ध असू शकते. या तिन्हींचे गुणधर्म वेगळे असतात.

* नळाचे पाणी : भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा लागतो. पाण्यातील क्लोरीन मासे व जीवाणू यांना घातक असल्याने ते सोडियम थायोसल्फेटने काढले जाते.
* कूपनलिकेचे पाणी : दख्खनच्या बेसाल्ट खडकातील भूजलात बायकार्बोनेट विरघळलेले असतात. उपसल्यावर त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन सामू वाढतो. म्हणून ते २४ तास हवेशीर ठेवून मग मोजतात.
* आरओचे पाणी : यात बायकार्बोनेट अत्यल्प असल्याने केवळ हेच पाणी वापरलेल्या टाकीत सामू सहज कोसळतो. ते नळाच्या पाण्यात मिसळून वापरणे सोयीचे असते.

सजावटीचे दगडही परिणाम करतात. बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटांबरोबर कॅल्साइटही आढळते. कॅल्साइट हळूहळू विरघळून जडपणा व सामू वाढविते. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकल्यास बुडबुडे येणे ही त्याची साधी खूण होय.

नियंत्रणाच्या पद्धती

आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलल्याने बायकार्बोनेटची भर पडते. जडपणा कमी असल्यास १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम खाण्याचा सोडा घातल्याने कार्बोनेट जडपणा प्रतिलिटर सुमारे १८ मिलिग्रॅमने वाढतो. गाळणीत शिंपल्यांचा चुरा ठेवल्यास हीच वाढ संथपणे होते. सामू कमी करण्यासाठी आरओचे पाणी मिसळतात. जलमग्न लाकूड व देशी बदामाची वाळलेली पाने यांचाही सौम्य उपयोग होतो. जडपणा न घटविता केवळ आम्ल टाकल्यास सामू बहुधा पुन्हा वर येतो आणि माशांना वारंवार चढउतार सोसावे लागतात.

दीर्घकाळ पाणी न बदललेल्या टाकीत आधी अमोनिया तपासून, रोज १० टक्क्यांच्या आसपासच पाणी बदलतात. वनस्पती दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषत असल्याने सामू पहाटे कमी व सायंकाळी जास्त असतो. त्यामुळे मोजणी रोज एकाच वेळी करणे आवश्यक ठरते.