राजी: ॲन एन्शंट एपिक

‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला आणि सुपर डॉट कॉम या प्रकाशकाने २०२० मध्ये प्रकाशित केलेला साहसप्रधान व्हिडिओ गेम आहे. प्राचीन भारताच्या कल्पित पार्श्वभूमीवर घडणारी त्याची कथा हिंदू व बाली येथील पुराणपरंपरांवर आधारलेली आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या मालिकेपासून, विशेषतः तिच्यातील ‘द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या खेळापासून प्रेरणा घेणारी भारतीय कृती म्हणून या खेळाकडे पाहिले गेले. चित्रशैली, वास्तुरचना आणि संगीत यांबद्दल त्याची प्रशंसा झाली. मात्र हालचालींतील सफाई आणि लढतींची रंगत या बाबतींत तो आपल्या आदर्शाच्या तोडीचा ठरला नाही, असे अनेक समीक्षकांचे मत पडले.

प्रेरणास्थान

एखाद्या जुन्या खेळाचे नाव, पात्रे किंवा हक्क न घेता त्याची रीत आणि त्याचा आत्मा पुढे नेणाऱ्या नव्या खेळाला या क्षेत्रात ‘स्पिरिच्युअल सक्सेसर’, म्हणजेच मानस-वारस, असे म्हटले जाते. राजी हा औपचारिक अर्थाने कोणत्याही मालिकेचा पुढील भाग नाही. तथापि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आणि ‘गॉड ऑफ वॉर’ या मालिकांचा प्रभाव निर्मात्यांनी स्वतःच सांगितला आहे.

मूळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ अमेरिकन निर्माते जॉर्डन मेकनर यांनी ॲपल २ या संगणकासाठी तयार केला व तो १९८९ मध्ये प्रकाशित झाला. धावणे, उडी मारणे, कड्याला लोंबकळणे या हालचाली खऱ्या वाटाव्यात म्हणून मेकनर यांनी आपल्या भावाचे चित्रीकरण केले आणि त्यातील एकेक चौकट गिरवून राजपुत्राची आकृती घडवली. २००३ मध्ये युबीसॉफ्टच्या मॉन्ट्रियल येथील शाखेने ‘द सँड्स ऑफ टाइम’ हा खेळ त्रिमितीय स्वरूपात सादर केला. त्याची कथा मेकनर यांचीच होती. भिंतीवरून आडवे धावणे आणि जादूच्या खंजिराने काळ मागे फिरवणे ही त्याची दोन वैशिष्ट्ये पुढे अनेक खेळांनी उचलली.

‘द सँड्स ऑफ टाइम’च्या कथेचा आरंभ भारतातच होतो. पर्शियाचा राजा शारामन आणि त्याचा पुत्र एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला करून काळाची वाळू भरलेले घटिकापात्र आणि खंजीर लुटून नेतात. खेळाची नायिका फराह ही त्याच महाराजाची कन्या आहे. मूळ खेळात लुटीचे ठिकाण असलेला भारतीय राजवाडा राजीमध्ये संपूर्ण कथेची भूमी होतो.

कथानक

राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही कसरतीचे खेळ करून पोट भरणारी अनाथ भावंडे आहेत. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर मानवलोकावर चालून येतात आणि महाबलासुराचे सैन्य इतर मुलांबरोबर गोलूलाही पळवून नेते. देवता राजीची निवड करतात आणि दुर्गेच्या त्रिशूळासह ती भावाच्या शोधात निघते. तिचा प्रवास दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून निवेदन केला जातो. राजीच्या क्षमतेविषयी, मानवांच्या दोषांविषयी आणि देवांच्या कर्तव्याविषयी ते परस्परांशी बोलतात. मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत दाखवले आहेत.

खेळाचे स्वरूप

कॅमेरा उंचावरून तिरपा पाहणारा असून त्याची दिशा खेळाडूला बदलता येत नाही. राजी भिंतींवरून धावते, कड्यांवरून चढते आणि लढताना खांबांभोवती फिरून किंवा भिंतीवरून उसळी घेऊन शत्रूवर प्रहार करते. त्रिशूळानंतर धनुष्य, ढाल-तलवार अशी शस्त्रे तिला क्रमाने मिळतात. वाटेत वर्तुळाकार चकत्या फिरवून चित्र जुळवण्याची कोडी येतात. मंदिरे आणि महाल यांच्या भिंतींवरील चित्रांजवळ थांबल्यास त्यामागील पुराणकथा ऐकायला मिळते. संपूर्ण खेळ साधारण पाच तासांत पूर्ण होतो.

निर्मिती

नॉडिंग हेड्स गेम्स ही संस्था अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी पुण्यात स्थापन केली. भारतातील खेळनिर्मितीचा उद्योग दीर्घकाळ परदेशी कंपन्यांच्या खेळांतील कामे करून देण्यावर आणि मोबाइलवरील छोट्या खेळांवर उभा राहिला. या पार्श्वभूमीवर स्वतःची कथा घेऊन कन्सोलवरील खेळ रचणे हे आर्थिकदृष्ट्या जोखमीचे पाऊल होते. २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या व्यासपीठावर निधी उभारण्याचा प्रयत्न झाला, पण उद्दिष्ट गाठले गेले नाही. पुढे एपिक गेम्स कंपनीचे अनुदान मिळाले आणि प्रकाशकाची साथ लाभली. खेळ एपिकच्याच अनरियल इंजिन ४ या प्रणालीवर रचलेला आहे.

दृश्यरचनेसाठी राजस्थानातील किल्ले व महाल यांची वास्तुशैली आणि पहाडी चित्रशैली यांचा आधार घेतला गेला. ग्रीक संगीतकार लिनोस त्झेलोस यांनी भारतीय वाद्यांचा उपयोग करून संगीत दिले.

प्रकाशन

खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रथम निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आला. १५ ऑक्टोबर २०२० रोजी तो विंडोज संगणक, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांसाठी उपलब्ध झाला. सुरुवातीच्या आवृत्तीतील संवाद इंग्रजीत होते. २०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांची भर पडली, तसेच लढती व हालचालींत सुधारणा करण्यात आल्या. नेटफ्लिक्सच्या मोबाइल खेळांच्या संग्रहातही त्याचा पुढे समावेश झाला.

समीक्षा

द गेम अवॉर्ड्स २०२० मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळाच्या पुरस्कारासाठी राजीला नामांकन मिळाले. पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ या खेळाला गेला. समीक्षकांनी रंगसंगती, महालांची भव्यता, संगीत आणि पुराणकथा सांगण्याची पद्धत यांचे कौतुक केले. भारतीय पुराणांवर बेतलेला, भारतीयांनीच रचलेला आणि कन्सोलवर जगभर पोहोचलेला खेळ ही त्या वेळी दुर्मीळ गोष्ट होती, याचीही नोंद घेतली गेली.

आक्षेप प्रामुख्याने चार होते: लढतींतील प्रहार पुरेसे वजनदार किंवा तत्पर वाटत नाहीत, स्थिर कॅमेऱ्यामुळे उडीचे अंतर नीट कळत नाही, स्विच आवृत्तीत तांत्रिक दोष जाणवतात, आणि कथा तोडल्यासारखी अचानक संपते.

मूळ खेळाशी तुलना

दोन्ही खेळ शेजारी ठेवल्यास राजीने वारशातील काय घेतले आणि काय राहून गेले, हे दिसून येते. भिंतीवरची धाव, खांबांवरील कसरत, ओसाड राजवाडा आणि कथा सांगणारा निवेदक ही मूळ खेळाची दृश्य व श्राव्य लक्षणे राजीमध्ये आहेत. त्यांपैकी निवेदनात तर राजीने स्वतंत्र वाट काढली. ‘द सँड्स ऑफ टाइम’मध्ये राजपुत्र आपलीच कथा सांगतो आणि खेळाडू मरण पावला की ‘असे घडलेच नव्हते’ अशा अर्थाचे बोलून ती दुरुस्त करतो. राजीमध्ये मात्र देवता माणसाकडे दुरून पाहतात.

काळ मागे फिरवण्याची सोय राजीने घेतली नाही. मूळ खेळात ही केवळ जादू नव्हती. अवघड उडी चुकली तरी खंजिरात वाळू शिल्लक असेपर्यंत खेळाडू काही क्षण मागे जाऊन तीच उडी पुन्हा घेऊ शकत असे. त्यामुळे निर्मात्यांना उड्यांचे मार्ग अधिक धाडसी ठेवता आले आणि खेळाडूलाही धोका पत्करण्याची हिंमत झाली. राजीमध्ये पडल्यास मागील टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते आणि उड्यांचे मार्ग सोपे व ठरलेले आहेत. कॅमेऱ्याबाबतही असाच फरक पडतो. मूळ खेळात तो राजपुत्राच्या पाठीमागून चालतो व खेळाडूला वळवता येतो. राजीतील उंचावरचा कॅमेरा वास्तूची भव्यता उत्तम दाखवतो, पण कड्याचे अंतर तितके स्पष्ट दाखवत नाही.

लढती हा ‘द सँड्स ऑफ टाइम’चाही दुबळा भाग मानला गेला होता. राजीमध्ये उड्यांची आव्हाने कमी झाल्याने खेळाचा मोठा भार लढतींवर आला, आणि त्यामुळे तेथील उणिवा अधिक ठळकपणे जाणवल्या.

मूळ खेळाची पुनर्निर्मिती

राजी स्विचवर आल्यानंतर तेवीस दिवसांनी, १० सप्टेंबर २०२० रोजी, युबीसॉफ्टने ‘द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीची घोषणा केली. तिचे काम कंपनीच्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे होते. पुण्यातील शाखा युबीसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टकडून घेतली होती, तर मुंबईतील शाखा २०१८ मध्ये सुरू झाली. अशा रीतीने एकाच वर्षी त्याच जुन्या खेळाशी नाते सांगणारे दोन प्रयत्न महाराष्ट्रातून पुढे आले: एक मोजक्या साधनांच्या स्वतंत्र संस्थेचा, दुसरा हक्क, नाव आणि भांडवल हाती असलेल्या बहुराष्ट्रीय कंपनीचा.

पुनर्निर्मितीची पहिली झलक पाहून तिच्या दृश्य दर्जावर टीका झाली. २१ जानेवारी २०२१ ही प्रकाशनाची तारीख आधी १८ मार्च २०२१ पर्यंत पुढे ढकलण्यात आली आणि नंतर अनिश्चित काळासाठी लांबली. मे २०२२ मध्ये हे काम मूळ खेळ घडवणाऱ्या मॉन्ट्रियल शाखेकडे सोपवण्यात आले. पुणे-मुंबईत आकाराला येत असलेली आवृत्ती प्रकाशित झाली नाही.

इतर उदाहरणे

मानस-वारस मूळ कृतीच्या तोडीचा न ठरणे हे केवळ साधनांच्या कमतरतेमुळे घडते असे नाही. ‘मेगा मॅन’ मालिकेशी निगडित असलेले जपानी निर्माते केजी इनाफुने यांनी २०१३ मध्ये किकस्टार्टरवर ३८ लाख डॉलरांहून अधिक निधी उभारून ‘माइटी नंबर ९’ या खेळाचे काम हाती घेतले. २०१६ मध्ये प्रकाशित झाल्यावर त्या खेळाने चाहत्यांची निराशा केली. याउलट ‘कॅसलव्हेनिया’ मालिकेतील कामासाठी ओळखले जाणारे कोजी इगाराशी यांचा ‘ब्लडस्टेन्ड: रिच्युअल ऑफ द नाइट’ हा २०१९ चा खेळ यशस्वी मानस-वारस मानला जातो. या दोन्ही प्रकरणांत मूळ मालिकेवर काम केलेली व्यक्तीच नव्या खेळाचे नेतृत्व करीत होती. राजीच्या निर्मात्यांना तसा पूर्वानुभव किंवा तितका निधी उपलब्ध नव्हता.